कष्टकरी आईचे मूल कुणाच्या खर्चाने वाढते?

(कामगार व महिला आघाडीच्या कार्यकर्त्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बांधकामावर विटा वाहणाऱ्या स्त्रीला दिवसाची मजुरी किती मिळते, हा प्रश्न संघटनेच्या प्रत्येक बैठकीत विचारला जातो. ती मजुरी मिळविण्यासाठी तिला किती खर्च येतो, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. तिच्या घरी दीड वर्षाचे मूल असेल तर सकाळी नाक्यावर जाण्यापूर्वी तिला त्याची काहीतरी व्यवस्था करावीच लागते. शेजारच्या म्हातारीजवळ मूल ठेवले तर मजुरीतला एक हिस्सा म्हातारीला द्यावा लागतो. पैसे देण्याची ऐपत नसेल तर नऊ-दहा वर्षांची थोरली मुलगी शाळेतून काढून घरी बसवावी लागते. थोरली मुलगीही नसेल तर मूल कामावर न्यायचे, दोन खांबांना झोळी बांधून त्यात निजवायचे आणि वाळूच्या ढिगाजवळ खेळत सोडायचे. पहिल्या प्रकारात आईची मजुरी कापली जाते, दुसऱ्यात मुलीचे शिक्षण जाते, तिसऱ्यात खुद्द मुलाचा जीव पणाला लागतो. संगोपनाचा खर्च तिन्ही ठिकाणी भरलाच जातो. मालकाच्या वहीत आणि सरकारच्या अंदाजपत्रकात तो कुठे लिहिलेला नसतो, एवढेच.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशातील स्त्री-पुरुषांच्या वेळेच्या वापराची पाहणी केली. विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे घालवितात आणि पुरुष ९७ मिनिटे, असे त्या पाहणीत आढळले. मुले, वृद्ध व आजारी माणसे यांची देखभाल करण्यात स्त्रियांची १३४ आणि पुरुषांची ७६ मिनिटे जातात. हे आकडे स्त्रीस्वभावाचे नाहीत. पाळणाघर, दवाखाना, नळाचे पाणी आणि इंधन यांवर समाज जो खर्च टाळतो, तो कुणाच्या श्रमातून वसूल होतो, याचा तो हिशेब आहे. १९१९ साली लेनिनने ‘एक महान आरंभ’ या पुस्तिकेत पाळणाघरे, बालोद्याने आणि सार्वजनिक भोजनगृहे यांना नव्या समाजाचे अंकुर म्हटले, त्यामागे हाच विचार होता. स्त्रीमुक्तीचे उदात्त भाषण करून झाल्यावर मूल कुणी सांभाळायचे, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

हा खर्च उचलणे राज्यसंस्थेला अशक्य आहे, असे नाही. सहाव्या वेतन आयोगानंतर २००८ सालापासून केंद्र सरकारच्या स्त्री कर्मचाऱ्यांना दोन मुलांच्या संगोपनासाठी संपूर्ण सेवाकाळात ७३० दिवसांची रजा मिळू लागली. ही सवलत योग्यच आहे; तिच्याविरुद्ध बोलण्याचे कारण नाही. परंतु त्याच सरकारी इमारतीत ठेकेदारामार्फत झाडलोट करणाऱ्या स्त्रीला मूल आजारी पडले तर त्या दिवसाची मजुरी बुडवावी लागते. एकाच छपराखाली दोन आयांना दोन न्याय मिळतात, आणि ज्या आईला मदतीची गरज अधिक तिच्या वाट्याला मदत कमी येते. हे का घडते हे समजण्यासाठी कायद्याचा थोडा इतिहास पाहणे आवश्यक आहे.

मुंबईच्या कापड गिरण्यांत विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात दर पाच कामगारांपैकी सुमारे एक स्त्री होती. मूल दिवसभर झोपून राहावे म्हणून त्याला अफूची गोळी चाटविण्याची चाल गिरणगावात सर्रास होती. तिला ‘बाळगोळी’ म्हणत. सुधारकांनी आणि डॉक्टरांनी या चालीबद्दल आयांच्या अज्ञानाला दोष दिला. त्या आयांना दुसरा कोणता मार्ग मोकळा होता, याचा विचार कमी जणांनी केला. दहा तास साच्यापाशी किंवा रिळांच्या खात्यात उभ्या असलेल्या बाईला खोलीत एकट्या पडलेल्या बाळाला झोपविण्याचा तोच एक स्वस्त उपाय होता. पुढे १९३१ साली मजूरविषयक शाही आयोगाने कारखान्यांत पाळणाघरे असावीत अशी शिफारस केली. १९३४ च्या कारखाने कायद्याने प्रांतिक सरकारांना तसे नियम करण्याचा अधिकार दिला आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४८ व्या कलमाने पन्नासांहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ साली हा आकडा तीसवर आणण्यात आला. मुलांसाठी मोफत दूध वा अल्पोपहार आणि अंगावर पिणाऱ्या मुलाला पाजण्यासाठी आईला मधली सुट्टी, यांविषयी नियम करण्याची तरतूदही त्या कलमात होती.

कागदावर ही मोठीच प्रगती होती. परंतु तिच्यात एक दोष होता आणि तो दोष पुढील जवळजवळ प्रत्येक कायद्यात उतरला. कायद्याने मोजल्या त्या स्त्रिया. तिसांहून अधिक स्त्रिया असतील तर पाळणाघर बांधा, असे मालकाला सांगितले की मालक पाळणाघर बांधण्यापेक्षा एकतिसावी स्त्री कामावर न घेण्याचा विचार आधी करतो. ज्या एकतिसाव्या स्त्रीमुळे खर्च सुरू होतो तिला एक तर नकार मिळतो, किंवा तिचे नाव ठेकेदाराच्या हजेरीपटावर चढते. मुंबईच्या गिरण्यांतून स्त्रिया बाहेर फेकल्या गेल्या त्याला रात्रपाळीवरील बंदी, यंत्रांचे सुसूत्रीकरण, रिळांच्या खात्यांतील कपात अशी अनेक कारणे होती; सारा दोष पाळणाघराच्या कलमावर टाकणे इतिहासाला धरून होणार नाही. तरीही स्त्रीला कामावर ठेवणे म्हणजे अधिक खर्च, ही समजूत मालकांच्या डोक्यात घट्ट करण्याचे काम या मोजणीने केले, हे नाकारता येणार नाही.

या संदर्भात १९२८ सालच्या जुलै महिन्यात मुंबई कायदेमंडळात झालेली चर्चा कार्यकर्त्यांनी अवश्य ध्यानात ठेवावी. प्रसूती लाभाच्या विधेयकावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि म्हणून त्याचा मोठा भार सरकारनेच उचलावयास हवा, असे त्यांनी मांडले. त्याचबरोबर, स्त्रियांना कामावर ठेवण्यात मालकाचा स्वतःचा फायदा असतो, म्हणून त्याचीही जबाबदारी संपत नाही, असेही त्यांनी सांगितले. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला आणि पुढे इतर प्रांतांना तो नमुना ठरला. आंबेडकरांनी मांडलेल्या दोन गोष्टींपैकी दुसरी, म्हणजे मालकाची जबाबदारी, कायद्यात आली. राज्याची जबाबदारी मात्र बहुतांशी मागे राहिली. आज शंभर वर्षे होत आली, तरी वादाचे मूळ तेथेच आहे.

१९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय सक्तीची झाली. आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटण्याची मुभाही त्यात होती. या दुरुस्तीत एक महत्त्वाचा बदल होता आणि त्याची चर्चा फारशी झाली नाही. आकडा धरला तो सर्व कर्मचाऱ्यांचा, केवळ स्त्रियांचा नव्हे. स्त्री कामावर घेतली म्हणून पाळणाघराचे बंधन लागू होते, ही मालकाची सबब या बदलाने काढून घेतली. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता अमलात आल्या. १९४८ चा कारखाने कायदा, १९६१ चा प्रसूती लाभ कायदा आणि १९९६ चा बांधकाम कामगार कायदा यांची जागा त्यांनी घेतली. पाळणाघराच्या बाबतीत संहितांनीही पन्नास हाच आकडा कायम ठेवला. कामगार चळवळीचे या संहितांवर गंभीर आक्षेप आहेत. त्यांची चर्चा येथे करावयाची नाही. परंतु संहितेत जे कलम कामगार स्त्रीच्या उपयोगाचे आहे, ते वापरावयाचे सोडून देणे शहाणपणाचे होणार नाही.

पण पन्नास कामगार असतात कुठे? भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांच्या शेडमध्ये, किंवा सुरतेच्या लिंबायत आणि उधना भागांत, जेथे खानदेशातून गेलेली हजारो मराठी कुटुंबे राहतात, तेथील लहानसहान कारखान्यांत, एका मालकाच्या नावावर पन्नास माणसे क्वचितच दाखविलेली असतात. सोलापूर आणि निपाणीची विडी कामगार स्त्री पान-तंबाखू घरी नेऊन विड्या वळते. १९६६ च्या विडी कामगार कायद्यातील पाळणाघराचे कलम औद्योगिक जागेला लागू होत असे, आणि तिची औद्योगिक जागा म्हणजे तिची स्वतःची पडवी! मूल तिच्या मांडीजवळच असते, म्हणून तिला पाळणाघराची गरज नाही, असे म्हणणारे शहाणे भेटतात. तंबाखूच्या धुळीत वाढणाऱ्या मुलाकडे पाहून त्यांनी हे पुन्हा म्हणून दाखवावे. आणि मुंबई, पुणे, दिल्ली, हैदराबादेत घरोघरी धुणीभांडी करणाऱ्या स्त्रियांचे काय? त्यांच्या मालकिणी एक-एक माणूस कामावर ठेवतात. कोणत्याही आकड्यात त्या बसत नाहीत. दुसऱ्याचे मूल सांभाळण्यासाठी स्वतःचे मूल कोंडून जाणाऱ्या बाईचे उदाहरण ज्या शहरात नाही, असे शहर दाखविता येणार नाही.

मुले मोजण्याची पद्धत कायद्याला अगदीच अपरिचित होती असे नाही. १९५१ च्या मळे कामगार कायद्यात झालेल्या दुरुस्तीने, मळ्यात पन्नास स्त्री कामगार नसल्या तरी त्यांची वीस वा अधिक मुले असतील तर पाळणाघर असले पाहिजे, अशी सोय केली होती. आसाम आणि उत्तर बंगालच्या चहामळ्यांतील कामगार संघटनांच्या लढ्यांत ही मागणी वारंवार आली आहे. महाराष्ट्रात १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, तेव्हा कामाच्या जागी सावली, पिण्याचे पाणी आणि लहान मुलांची सोय यांचा आग्रह धरला गेला. दुष्काळातल्या खडी फोडणाऱ्या हजारो स्त्रियांच्या अनुभवातून ही गोष्ट आली होती. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याच्या परिशिष्टात ती अधिक नेमकी झाली: कामावर सहा वर्षांखालील पाच वा अधिक मुले असतील तर मजूर स्त्रियांपैकी एकीला मुले सांभाळण्याचे काम द्यावे आणि तिला पूर्ण मजुरी मिळावी.

या तरतुदीचे महत्त्व फार मोठे होते. मूल सांभाळणे हे काम आहे आणि त्याला खडी फोडण्याइतकीच मजुरी आहे, हे भारतीय कायद्याने तेथे स्पष्ट शब्दांत मान्य केले. प्रत्यक्षात काय झाले? बहुतेक ठिकाणी पाच मुले हजेरीपटावर दिसलीच नाहीत. मुले आणू नका, असे मुकादमाने आधीच बजावलेले असे, किंवा अंगमेहनत झेपत नाही अशा म्हातारीला सावलीत बसवून तिलाच पाळणाघर म्हटले जाई. तिच्याजवळ ना चटई, ना दूध, ना औषधाची पेटी. जेथे मजुरांची संघटना जागी होती, तेथे तरतूद राबविली गेली. अन्यत्र ती परिशिष्टातच राहिली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी दुसरा कायदा मंजूर केला. राज्याराज्यांत त्याची अंमलबजावणी होताना मुले सांभाळणाऱ्या स्त्रीची मजुरी कायम राहते की गळते, यावर ग्रामीण भागातील कार्यकर्त्यांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे. कर्नाटकात २०२३ पासून ग्रामपंचायतींमध्ये ‘कूसिन मने’ नावाची ४,००० पाळणाघरे रोजगार हमीवरील स्त्रियांच्या मुलांसाठी उभारण्याचा कार्यक्रम सरकारने हाती घेतला. बेळगाव भागातील मराठी साथींनी आपल्या पंचायतीत ते चालते का, किती तास चालते, हे जाऊन पाहावे.

आता राज्याच्या स्वतःच्या पाळणाघरांकडे वळू. १९७४ च्या राष्ट्रीय बालधोरणानंतर कामकरी व आजारी स्त्रियांच्या मुलांसाठी स्वयंसेवी संस्थांना अनुदान देण्याची योजना सुरू झाली. २००६ साली ती राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना झाली. एका पाळणाघरात २५ मुले आणि खर्चाचा ९० टक्के भार केंद्राकडे, असा तिचा साचा होता. देशभर वीस हजारांवर पाळणाघरे तिच्यातून चालत. २०१७ च्या आरंभी केंद्राने आपला वाटा ६० टक्क्यांवर आणला, उरलेला भार राज्यांवर आणि संस्थांवर टाकला. परिणाम व्हावयाचा तोच झाला. राज्यांनी पैसे वेळेवर दिले नाहीत, लहान संस्था कर्ज काढून किती दिवस चालविणार? काही वर्षांत पाळणाघरांची संख्या सात हजारांच्या खाली घसरली. ही योजना काही फार उदार होती असे नव्हे. परंतु दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला महिना २० रुपयांत मूल ठेवता येत होते. मासिक उत्पन्न १२,००० पर्यंत असेल तर १०० रुपये आणि त्याहून अधिक असेल तर २०० रुपये असा दर होता. बंद झालेल्या त्या प्रत्येक पाळणाघरामागे वीस-पंचवीस आयांची रोजची व्यवस्था कोसळली. त्याची बातमी कुठल्या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आली नाही.

२०२२ पासून ‘पाळणा’ या नावाने नवी योजना आली. अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर चालवावयाचे, मूल सहा महिन्यांचे झाले की सहा वर्षांपर्यंत ठेवावयाचे, आणि आई नोकरीत असो वा नसो, तिच्या मुलाला प्रवेश द्यावयाचा, अशी तिची रूपरेषा आहे. तत्त्व चांगले आहे. २०२५-२६ पर्यंत अशी १७,००० केंद्रे उभारण्याचे लक्ष्य ठेवण्यात आले होते. देशात अंगणवाड्या आहेत सुमारे १४ लाख. म्हणजे लक्ष्य पूर्ण गाठले तरी ऐंशी अंगणवाड्यांत एक पाळणाघर!

आणि ही केंद्रे चालविणार कोण? पाळणाघराची सेविका आणि मदतनीस यांना वेतन नाही. त्यांना मिळते ते ‘मानधन’, आणि तेही अकुशल मजुराच्या किमान वेतनाच्या कितीतरी खाली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. मुंबईची धारावी ही त्या पहिल्या प्रकल्पांपैकी एक. तेव्हापासून अंगणवाडीतील स्त्रीला ‘स्वयंसेविका’ मानण्याची युक्ती चालू आहे. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असा निर्णय दिला, तो अनेक वर्षांच्या लढ्यानंतर. पाळणाघर स्वस्त दिसते याचे कारण, एका गरीब आईच्या मुलाचा खर्च दुसऱ्या गरीब बाईच्या अपुऱ्या मानधनातून भरून काढला जातो. म्हणून ‘पाळणाघरे वाढवा’ ही मागणी सेविकांच्या वेतनाच्या मागणीपासून तोडून केली, तर ती कामगारांच्याच एका भागावर उलटते. महिला आघाडी आणि अंगणवाडी संघटना यांनी या दोन मागण्या वेगवेगळ्या निवेदनांत लिहू नयेत.

पैसा नाही, हे उत्तर सरकारी कार्यालयांत तयार असते. ते किती खरे आहे, हे बांधकाम कामगारांच्या उदाहरणावरून पाहावे. १९९६ च्या कायद्यांनी बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर लावला आणि तो कामगारांच्या कल्याणासाठी राज्यांच्या मंडळांकडे जमा होऊ लागला. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नावर निकाल दिला, तेव्हा ३७,४०० कोटींहून अधिक रुपये जमा झालेले होते आणि खर्च झाले होते सुमारे ९,५०० कोटी. ज्या पैशातून प्रत्येक मोठ्या नाक्यावर, प्रत्येक मजूर वस्तीत पाळणाघर उभे राहिले असते, तो पैसा बँकांत पडून होता. त्याच काळात दिल्ली, मुंबई, पुण्याच्या बांधकामांवर १९६९ साली मीरा महादेवन यांनी सुरू केलेल्या ‘मोबाइल क्रेशेस’सारख्या संस्था देणग्या गोळा करून मुले सांभाळत होत्या. त्यांनी केलेले काम मोलाचे आहे. पण उपकराचा पैसा पडून असताना देणगीवर मूल सांभाळावे लागणे, ही राज्याच्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट नव्हे.

हा उपकर बांधकामाच्या किमतीवर आहे. स्त्रिया किती, याच्याशी त्याचा संबंध नाही. कोणत्याही मालकाला स्त्री टाळून तो वाचविता येत नाही. राज्य विमा योजनेचेही तसेच. मालकाची वर्गणी प्रत्येक कामगाराच्या वेतनावर ठरते, पुरुष असो वा स्त्री, आणि बाळंतपणातील रजेचा पगार महामंडळ देते. महाराष्ट्रात १९६९ च्या माथाडी कायद्याने अनेक मालकांकडे विखुरलेल्या हमालांसाठी मंडळ आणि लेव्ही यांची पद्धत रुजवली. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी साखर कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे १० रुपये घेण्याचे राज्य सरकारने ठरविले, तेही याच वाटेवरचे पाऊल आहे. बीडहून निघालेले जोडपे ‘एक कोयता’ म्हणून उचल घेते आणि त्यांचे तान्हे मूल फडाच्या बांधावर असते. त्या मुलासाठी टनामागच्या पैशातून कोपीच्या वस्तीवर हंगामापुरते पाळणाघर का उघडू नये? मालक विखुरलेला असला तरी उद्योग विखुरलेला नसतो. वसुली उद्योगावर करावी, व्यवस्था वस्तीत करावी आणि मोजणी मुलांची करावी, अशी मागणीची मांडणी असावी.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. आज दाराशी आलेल्या कुटुंबाला काय सांगावयाचे, हेही कार्यकर्त्याला माहीत हवे. या बाबतीत चळवळीत थोडी बेफिकिरी आहे. अर्ज भरून देणे हे समाजसेवकांचे काम, आपले काम मोर्चाचे, अशी समजूत काही ठिकाणी दिसते. ज्या बाईचा अर्ज भरला गेला नाही, ती मोर्चाला मूल कुणाकडे ठेवून येणार?

पहिले बाळंतपण असेल तर प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून ५,००० रुपये हप्त्यांनी मिळतात. २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६,००० मिळतात. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने किमान ६,००० रुपये देण्याचे वचन दिले होते आणि त्यात पहिल्या-दुसऱ्याचा भेद केलेला नव्हता, हे निवेदनात दरवेळी लिहावे. अर्ज अंगणवाडीतून होतो. वडील वारले, घटस्फोट झाला, नवऱ्याने टाकले, घरात जिवावरचे दुखणे आहे, अशा कुटुंबातील मुलासाठी मात्र एक अधिक मोठी मदत आहे आणि ती फारच थोड्यांना ठाऊक आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत ‘प्रायोजकत्व’ म्हणून मुलामागे महिना ४,००० रुपये आईच्या घरीच मूल वाढावे यासाठी दिले जातात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२,००० आणि शहरी भागात ९६,००० रुपयांपर्यंत असावे लागते. महाराष्ट्रात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेचीही मदत आहे. ती महिना २,२५० रुपये करण्यात आली. यासाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे जावे लागते आणि मंजुरीच्या कामात बालकल्याण समितीचा संबंध येतो. इंदूर, वडोदरा, हैदराबाद येथील साथींना राज्याची योजना लागू होणार नाही, पण केंद्राची होईल. आणि कक्ष प्रत्येक जिल्ह्यात असावयास हवा.

उत्पन्नाच्या या मर्यादेकडेही जरा बारकाईने पाहिले पाहिजे. शहरात ९६,००० म्हणजे महिना ८,०००. चार घरची धुणीभांडी करणारी विधवा तेवढे मिळवू लागली की मदतीच्या बाहेर पडते. कामावर गेली म्हणून मूल सांभाळण्याचा खर्च वाढतो आणि कामावर गेली म्हणूनच मदत बंद होते. तिने करावयाचे काय? मर्यादा वाढविण्याची आणि किमान वेतनाशी ती बांधून घेण्याची मागणी जिल्हा पातळीवरील निवेदनांत आली पाहिजे.

बांधकाम कामगार स्त्रीच्या बाबतीत सगळ्याच्या आधी मंडळाची नोंदणी. वय १८ ते ६० आणि वर्षात ९० दिवसांचे काम, ही अट आहे. अडचण ९० दिवसांच्या दाखल्याची असते, कारण ठेकेदार सही देत नाही. तेथे संघटनेचा खरा उपयोग. नोंदणी नवऱ्याची होते आणि बायकोची राहून जाते, हा सार्वत्रिक अनुभव आहे. दोघांची स्वतंत्र नोंदणी करून घ्यावी. स्थानिक संस्थेला किंवा मालकाला कल्याणकारी सोयींसाठी अनुदान देण्याची मुभा मंडळाला मूळ कायद्यातच होती. म्हणून नगरपालिकेतील आपल्या प्रतिनिधीने मजूर वस्तीतील समाजमंदिरात पाळणाघर चालविण्याचा ठराव मांडून मंडळाकडे पाठपुरावा करावा. पन्नासांहून अधिक कामगारांच्या कारखान्यात युनियनने पाळणाघराची मागणी करारात घालावी आणि तीत ठेकेदाराकडील स्त्रियांची मुले स्पष्ट शब्दांत समाविष्ट करावीत. पगारवाढीच्या कलमासाठी रात्रभर बैठक चालते आणि पाळणाघराचे कलम पहाटे देवाणघेवाणीत सोडून दिले जाते, असे यापूर्वी अनेकदा घडले आहे.

घरकामगार, विडी कामगार, यंत्रमागावरील स्त्रिया, यांच्यासाठी सध्या अंगणवाडीला जोडलेले पाळणाघर हाच एक रस्ता आहे. त्यात वेळेचा प्रश्न मुख्य. अंगणवाडी साधारण चार तास चालते, आईचे काम आठ-दहा तास. दुपारी अंगणवाडी सुटल्यावर मूल पुन्हा रस्त्यावर. तेव्हा नुसते केंद्र मागू नये. सकाळी किती वाजता उघडावे आणि संध्याकाळी किती वाजता बंद व्हावे, हे त्या वस्तीतील कामाच्या वेळेवरून ठरवून मागावे. धुणीभांडीवाल्या बाईला सकाळी सातला मूल सोडावे लागते, यंत्रमागावरील पाळीला आणखी वेगळी वेळ लागते.

यासाठी प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीतील सहा वर्षांखालील मुलांची यादी करावी. मुलाचे वय, आईचे काम, कामाची वेळ, मालक की ठेकेदार, मंडळाची नोंदणी आहे की नाही, आणि आई कामावर असताना मूल कुणाजवळ असते, एवढे रकाने पुरेत. शेवटच्या रकान्यात ‘थोरल्या बहिणीजवळ’ असे जेथे येईल तेथे त्या बहिणीचे नाव शाळेच्या पटावर आहे का, हेही विचारून लिहावे. यादीच्या दोन प्रती कराव्यात. एक बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याच्या कार्यालयात देऊन तारखेसह पोच घ्यावी. दुसरी शाखेत ठेवावी, आणि दर तीन महिन्यांनी कोणत्या मुलाची व्यवस्था झाली व कोणाची राहिली, हे तिच्यावर लिहीत जावे.